एक डॉलरचे खोके : बेसबॉल कार्डांच्या स्वस्ताईचा इतिहास

अमेरिकेत हॉटेलांच्या सभागृहांत, शाळांच्या व्यायामशाळांत आणि शहराबाहेरच्या प्रदर्शनगृहांत शनिवार-रविवारी भरणाऱ्या संग्राहकांच्या मेळाव्यांना तेथील लोक 'कार्ड-शो' म्हणतात, आणि अशा मेळाव्यातील जवळपास प्रत्येक विक्रेत्याकडे दोन प्रकारचा माल असतो. नामवंत खेळाडूंची, जुनी आणि चांगल्या अवस्थेतील कार्डे काचेच्या कपाटात मांडलेली असतात. टेबलाच्या कडेला किंवा खाली मात्र पुठ्ठ्याची लांबट खोकी असतात, त्यांत हजारो कार्डे उभी लावलेली असतात आणि खोक्यावर एकच भाव लिहिलेला असतो : कुठलेही घ्या, एक डॉलर, किंवा पाव डॉलर, किंवा दहा सेंट. एका बाजूला खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याची माहिती किंवा जाहिरात छापलेला हा तळहाताएवढा पुठ्ठ्याचा तुकडा सुमारे दीडशे वर्षांपासून अमेरिकेत तयार होतो आहे. त्याचा इतिहास सामान्यतः काचेच्या कपाटाच्या बाजूने, म्हणजे विक्रमी लिलावांच्या आधारे सांगितला जातो. परंतु या वस्तूचा मूळ स्वभाव आणि तिच्याभोवती जमलेल्या माणसांचे खरे ज्ञान समजून घ्यायचे असेल, तर तो इतिहास खोक्याच्या बाजूने सांगावा लागतो.

कार्ड ही मुळात विकण्याची वस्तूच नव्हती. उघडपणे व्यावसायिक म्हणून उभा राहिलेला पहिला बेसबॉल संघ म्हणजे १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या क्रीडासाहित्याच्या दुकानाने या संघाचे छायाचित्र छापलेले कार्ड स्वतःच्या जाहिरातीसाठी वाटले होते. या चालीला व्यापक रूप आले ते १८८० च्या दशकात आणि ते सिगारेटमुळे. तेव्हाची सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत, त्यांना ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालावा लागे, आणि तो कोरा घालण्याऐवजी त्यावर नट्या, पक्षी, सैनिक किंवा खेळाडू छापला तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच छापाकडे येते, हे कारखानदारांच्या ध्यानात आले. व्हर्जिनियातील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये काढलेल्या ५० विजेत्यांच्या संचात दहा बेसबॉलपटू होते. गुडविन कंपनीच्या 'ओल्ड जज' सिगारेटांबरोबर तर शेकडो खेळाडूंची खरी छायाचित्रे चिकटवलेली कार्डे मिळत. ती स्टुडिओत काढलेली असत, आणि झेल घेणाऱ्या खेळाडूसमोरचा चेंडू दोरीने छताला टांगलेला असे.

ही चढाओढ जितकी जोरात होती तितक्याच वेगाने थांबली. जेम्स बॉन्सॅक याच्या सिगारेट वळणाऱ्या यंत्राच्या जोरावर जेम्स ड्यूक याने प्रतिस्पर्ध्यांना नमवले आणि १८९० मध्ये मुख्य कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धाच उरली नाही तेव्हा गिऱ्हाइकाला आमिष दाखवण्याचेही कारण उरले नाही, आणि कार्डे जवळजवळ नाहीशी झाली. पुढे १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या १६ वेगवेगळ्या छापांच्या जाहिराती पाठीवर वागवणारा ५२४ कार्डांचा जो प्रचंड संच निघाला, तो आज 'टी-२०६' या नावाने ओळखला जातो. त्यातील पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर याचे कार्ड छपाई लवकर थांबल्यामुळे दुर्मीळ झाले. वॅग्नरचा तंबाखूच्या जाहिरातीला विरोध होता की मोबदल्यावरून बिनसले, यावर आजही मतभेद आहेत. कारण काहीही असो, बाकीच्या संचाच्या बाबतीत त्या काळातील मुलांची रीत साधी होती : दुकानाबाहेर उभे राहून सिगारेट घेऊन निघालेल्या माणसाकडे आतले चित्र मागायचे.

'टी-२०६' हे नाव ना कारखान्याने दिले ना व्यापाऱ्याने. ते दिले जेफरसन बर्डिक याने, आणि या छंदाच्या इतिहासात त्याच्याएवढ्या आदराने नाव घ्यावे असा दुसरा माणूस नाही. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काम करणारा, अविवाहित, तरुणपणापासून संधिवाताने हळूहळू जखडत गेलेला हा माणूस केवळ बेसबॉलचीच नव्हे, तर सर्व प्रकारची छापील कार्डे जमवीत असे. १९३७ मध्ये त्याने संग्राहकांसाठी एक लहानसे पत्रक सुरू केले आणि १९३९ मध्ये अमेरिकी कार्डांची पहिली मोठी सूची प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना एक इंग्रजी अक्षर, विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना दुसरे, आरंभीच्या मिठाईच्या कार्डांना तिसरे, नंतरच्या च्युइंग गमच्या कार्डांना चौथे, आणि प्रत्येक संचाला क्रमांक अशी त्याची पद्धत होती. सूचीमध्ये किमतीही होत्या, पण त्या बहुतांशी सेंटांत मोजल्या जात; वॅग्नरच्या कार्डापुढचा ५० डॉलरचा आकडा हा डोळे विस्फारायला लावणारा अपवाद होता. या सूचीचा हेतू व्यापार वाढवण्याचा नव्हता. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे संग्राहकाला कळावे आणि टपालाने अदलाबदल करता यावी, एवढाच होता. १९४७ पासून बर्डिकने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देण्यास सुरुवात केली. तीन लाखांहून अधिक नगांचा हा संग्रह दुखऱ्या हातांनी स्वतः वह्यांत चिकटवण्याचे काम त्याने जानेवारी १९६३ मध्ये पुरे केले आणि दोन महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला. त्या वह्यांत सुमारे तीस हजार बेसबॉल कार्डे आहेत. कार्डे गोंदाने चिकटवल्याबद्दल आजचा व्यापारी हळहळतो, परंतु ज्याने ती कधी विकण्यासाठी जमवलीच नव्हती त्याच्या दृष्टीने ती जागच्या जागी पक्की बसणे हेच योग्य होते.

तंबाखूची जागा दरम्यान गमने घेतली होती. बॉस्टनच्या गाउडी कंपनीने १९३३ मध्ये २४० कार्डांचा संच काढला, त्यात १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही, आणि ते शोधत मुले पुडीमागून पुडी घेत राहिली. तक्रारी आल्यावर पुढच्या वर्षी नॅप लाजोई या निवृत्त खेळाडूचे कार्ड त्या क्रमांकाने छापून टपालाने पाठवण्यात आले. महायुद्धानंतर या धंद्यात ब्रुकलिनची टॉप्स कंपनी उतरली. साय बर्जर आणि वुडी गेलमन यांनी आखलेला तिचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आधुनिक कार्डाचा नमुना ठरला : पुढे रंगीत चित्र, संघाचे चिन्ह आणि स्वाक्षरी, मागे जन्मस्थळ, उंची, वजन आणि कामगिरीचे आकडे. संच हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात येई. ३११ क्रमांकापासून सुरू होणारा शेवटचा टप्पा इतक्या उशिरा आला की मुलांचे लक्ष तोवर फुटबॉलकडे वळले होते. दुकानांतून परत आलेला तो माल वर्षानुवर्षे पडून राहिला आणि बर्जर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे १९६० मध्ये कचऱ्याच्या बोटीवरून अटलांटिक समुद्रात टाकून देण्यात आला. त्या टप्प्याचे पहिलेच कार्ड मिकी मँटल याचे होते. त्याची एक उत्कृष्ट प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली.

अशा वस्तूंसाठी मोठी माणसे एकत्र जमू लागली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तीही आधी एकमेकांच्या घरी. १९७० च्या दशकात हॉटेलांची सभागृहे भाड्याने घेऊन मेळावे भरू लागले, १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे पहिला राष्ट्रीय मेळावा झाला, आणि अदलाबदलीची जागा रोख व्यवहाराने घेतली. तरीही भाव ठरवायला सर्वमान्य आधार नव्हता. तो दिला जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने. देशभरच्या संग्राहकांकडून आणि विक्रेत्यांकडून प्रत्यक्ष व्यवहारांची माहिती मागवून त्याने एका सहलेखकाबरोबर १९७९ मध्ये किमतींचे पुस्तक काढले, आणि १९८४ पासून त्याचे मासिक निघू लागले. त्यात प्रत्येक कार्डापुढे चढी आणि उतरती अशा दोन किमती असत. विक्रेता चढ्या किमतीवर बोट ठेवी, गिऱ्हाईक उतरत्या. घासाघिशीला छापील मैदान मिळाले. स्वस्त खरेदी ही कल्पना खऱ्या अर्थाने येथेच जन्मली, कारण छापील किंमत असल्याशिवाय अमुक वस्तू तिच्या किमतीपेक्षा स्वस्तात मिळाली, असे कोणी म्हणू शकत नाही.

मग छापील किंमत सर्वांना माहीत असताना खोक्यात मोलाचा माल राहतोच कसा? याचे उत्तर विक्रेत्याच्या वेळेत आहे. एखाद्या मृत संग्राहकाच्या घरून हजारो कार्डांचा ठोक माल घेताना विक्रेता त्यातील पाच-पंचवीस नामवंत कार्डांचेच पैसे मनात धरतो. बाकीच्या सामान्य खेळाडूंच्या कार्डांना या व्यवहारात 'कॉमन' म्हणतात, आणि त्यांतील प्रत्येक कार्ड पाहून, पुस्तकात शोधून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यावर भाव लिहिण्याची मजुरी कार्डाच्या किमतीहून अधिक पडते. म्हणून सगळे सरसकट खोक्यात जाते, आणि विक्रेत्याने न केलेले ते काम नंतर गिऱ्हाईक करतो. तो खेळाडूचे नाव पाहण्याआधी कार्ड उलटून क्रमांक पाहतो, कारण १९६७ च्या टॉप्स संचातील ५३४ पासूनचे क्रमांक, म्हणजे अखेरचा टप्पा, कमी प्रमाणात बाजारात आला आणि त्यातला अप्रसिद्ध खेळाडूही आधीच्या टप्प्यातील चांगल्या खेळाडूला भारी पडतो. तो बारीक अक्षरेही वाचतो. १९७४ च्या हंगामाआधी सॅन डिएगो पाद्रेस हा संघ वॉशिंग्टनला जाणार अशी हवा होती, त्या भरवशावर टॉप्सने त्या संघातील काही खेळाडूंची कार्डे वॉशिंग्टनच्या नावाने छापली, संघ शेवटी हललाच नाही, आणि पुढची छपाई सॅन डिएगोच्या नावाने झाली; त्यामुळे एकाच खेळाडूच्या दोन कार्डांत एका ओळीचा फरक राहिला. हा फरक ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी खोके वेगळे आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी वेगळे असते. हे ज्ञान बर्डिकच्या परंपरेतले आहे, आणि ते पैशांसाठी वापरले गेले तरी त्याचे मोल कमी होत नाही.

दुसरे कारण अतिउत्पादनाचे. टॉप्सच्या मक्तेदारीविरुद्ध फ्लीअर कंपनी न्यायालयात गेली, निकाल तिच्या बाजूने लागला, १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या दोन कंपन्यांची कार्डे बाजारात आली, त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा गमचा हक्क टॉप्सकडे मानून या कंपन्यांनी पुडीत गमऐवजी अनुक्रमे स्टिकर आणि चित्रकोड्याचे तुकडे घातले. १९८९ मध्ये चकचकीत कागद आणि बनावटगिरी रोखणारे होलोग्राम घेऊन अपर डेक कंपनी आली. जुन्या कार्डांचे भाव पाहून लोकांनी नवी कार्डे गुंतवणूक म्हणून पेट्यांनी साठवली. मँटलचे कार्ड महाग झाले ते बहुतेकांनी आपली कार्डे टाकून दिली म्हणून, ही साधी गोष्ट त्या भरात विसरली गेली. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने अंतिम मालिकाच रद्द झाली आणि बाजार कोसळला. त्या काळातील कोट्यवधी कार्डे आजही दहा सेंटांच्या खोक्यांत आहेत, आणि लहान मुलाला कार्डाचा खेळ परवडतो तो त्यांच्यामुळेच.

१९९१ मध्ये पीएसए ही कार्डांची अवस्था तपासून एक ते दहा गुण देणारी आणि कार्ड प्लॅस्टिकच्या कडक वेष्टनात बंद करणारी संस्था निघाली. तिने आरंभीच आठ गुण दिलेल्या वॅग्नरच्या एका कार्डाच्या कडा कापलेल्या असल्याची कबुली बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. गुणांच्या या पद्धतीने अवस्थेला इतके महत्त्व दिले की एकाच कार्डाच्या दोन प्रतींत शेकडो पटींचा फरक पडू लागला. परंतु त्याच कारणाने मुडपलेल्या कोपऱ्यांची, घडी पडलेली, मागे शाईने नाव लिहिलेली जुनी कार्डे काचेच्या कपाटातून बाहेर पडली आणि संच पुरा करणाऱ्यांच्या आवाक्यात आली. १९५० च्या दशकातील कार्डे आज स्वस्तात मिळतात ती बहुधा अशीच असतात, आणि मुलांनी हाताळलेली असल्याने ती त्या काळाचा अधिक खरा पुरावा आहेत, असे मानायला जागा आहे.

हल्ली विक्रेते आणि गिऱ्हाईक दोघेही टेबलावरच फोनवर ताजे विक्रीभाव पाहतात, त्यामुळे नामवंत कार्डांतील संधी आटली आहे. डॉलरच्या खोक्याला मात्र इंटरनेटचा फारसा धक्का लागलेला नाही, कारण एका डॉलरच्या कार्डाचे छायाचित्र काढून, नोंद करून, पाकिटात घालून ते टपालाने पाठवणे विक्रेत्याला परवडत नाही, आणि रविवारी दुपारी मेळावा आवरताना ती जड खोकी पुन्हा गाडीत भरण्यापेक्षा शंभर कार्डांचा एकत्र भाव करून देणे त्याला सोयीचे वाटते.