ऑन द कॉर्नर : एका वादग्रस्त अल्बमचे पुनर्वादन

‘ऑन द कॉर्नर’ हा अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा जॅझ-फंक शैलीतील अल्बम. कोलंबिया कंपनीने तो ऑक्टोबर १९७२ मध्ये प्रकाशित केला. माइल्स यांच्या ध्वनिमुद्रिकांत तो सर्वांत वादग्रस्त मानला जातो. पुढच्या काळातील वादकांनी हा अल्बम आणि त्याच्या आगेमागे जन्मलेले संगीत मैफलींतून व नव्या ध्वनिमुद्रणांतून पुन्हा मांडले. त्या कामात मुंबईच्या कलावंतांचा वाटा मोठा आहे.

मूळ ध्वनिमुद्रण १९७२ च्या जून-जुलैत न्यूयॉर्कला झाले. जेम्स ब्राउन व स्लाय स्टोन यांचे फंक संगीत माइल्स यांना त्या वेळी खुणावत होते, तर ब्रिटिश संगीतरचनाकार पॉल बकमास्टर यांच्यामुळे जर्मन रचनाकार स्टॉकहाउझेनच्या प्रयोगशील संगीताशी त्यांचा परिचय वाढला होता. मायकेल हेंडरसन यांची बास गिटार एक छोटी स्वराकृती सतत फिरवत राहते. तिच्यावर ड्रम, काँगा, विजेवर चालणारे कीबोर्ड आणि गिटार यांचे थर चढतात. तबल्यावर बादल रॉय आणि सतारीवर कॉलिन वॉल्कॉट व खलील बालकृष्ण होते. आजच्या बांगलादेशातील कुमिल्ल्याचे रॉय संख्याशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला आले होते आणि तेथील भारतीय उपाहारगृहात तबला वाजवत होते. माइल्स यांचा ट्रम्पेट वाह-वाह पेडलमधून येतो आणि बहुतेक वेळ वाद्यांच्या गर्दीतलेच एक वाद्य होऊन राहतो. तबल्याच्या एकलवादनात लेहरा (पुन्हापुन्हा फिरणारी धून) जे काम करतो, तेच येथे बास गिटारकडे आहे : तिची स्वराकृती बदलत नाही, म्हणूनच भोवतीच्या तालवाद्यांना मोकळीक मिळते. निर्माते टिओ मसेरो यांनी नंतर ध्वनिफिती कापून-जोडून अल्बमला अंतिम रूप दिले.

जॅझच्या समीक्षकांना यात ना चाल सापडली, ना विस्तार. ‘डाउन बीट’ मासिकाने अल्बमची संभावना अवघ्या दोन ताऱ्यांवर केली. कॉर्की मकॉय यांच्या व्यंगचित्रांच्या वेष्टनावर वादकांची नावेही छापलेली नव्हती, त्यामुळे कोण काय वाजवते आहे हे श्रोत्याला कळायला मार्ग नव्हता. ज्या कृष्णवर्णीय तरुणांपर्यंत पोहोचण्याची माइल्स यांची इच्छा होती, त्यांच्यापर्यंत अल्बम त्या वेळी पोहोचलाच नाही. तरीही समीक्षकांनी केलेला अव्हेर अन्यायाचा होता. ज्या संगीताचा सारा ऐवज लयीत आहे, त्याची परीक्षा त्यांनी स्वरविस्ताराच्या कसोटीवर केली. हिप-हॉप आणि यंत्रसंगीत रुळल्यावर हेच आवर्तनप्रधान वादन कानांना परिचित वाटू लागले. २००७ मध्ये या काळातील ध्वनिमुद्रणांचा सहा सीडींचा संच निघाला.

मैफलीत हे संगीत आधी खुद्द माइल्स यांनीच वाजवले. २९ सप्टेंबर १९७२ रोजी, म्हणजे अल्बम बाजारात येण्यापूर्वीच, न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये त्यांनी त्यातील ‘ब्लॅक सॅटिन’ ही रचना सादर केली. त्या संचातही रॉय आणि बालकृष्ण होते. रंगमंचावर कात्री चालत नाही. स्टुडिओत तुकडे जोडून साधलेले वळण येथे वादकांना एकमेकांकडे पाहूनच घ्यावे लागले. पुढे ज्यांनी हे संगीत हाती घेतले त्या प्रत्येकापुढे हाच पेच उभा राहिला : नक्कल करायची ती वादनाची, की संकलनाची?

ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ आणि गिटारवादक हेन्री कायझर यांच्या ‘यो माइल्स!’ या संचाने नक्कल टाळली. चौकट १९७० च्या दशकातली ठेवून आतले वादन त्यांनी उत्स्फूर्त केले. त्यांच्या ‘स्काय गार्डन’ (२००४) आणि ‘अपरिव्हर’ (२००५) या अल्बमांत माहीममध्ये वाढलेले उस्ताद झाकिर हुसेन तबल्यावर आहेत. मूळ अल्बमवरील गिटारवादक डेव्हिड क्रीमरही या संचात सामील झाले.

भारतीय दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे बॉब बेल्डन यांनी निर्मिलेला ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ (२००८). यात ‘ऑन द कॉर्नर’ जसाच्या तसा नाही. माइल्स यांच्या अनेक कालखंडांतल्या रचना आहेत. मात्र जून १९७२ मध्येच ध्वनिमुद्रित झालेली ‘इफे’ जलद आणि संथ अशा दोन रूपांत घेतली आहे. मुंबईचे पियानोवादक लुई बँक्स, सितारादेवींचे पुत्र ड्रमवादक रणजित बारोट, सतारवादक रवी चारी, बासरीवादक राकेश चौरसिया, व्हायोलिनवादक कला रामनाथ आणि गायक शंकर महादेवन यांच्याबरोबर चेन्नईचे मँडोलिनवादक यू. श्रीनिवास व घटमवादक विक्कू विनायकराम यात आहेत. दुसऱ्या बाजूला बादल रॉय, हेंडरसन, डेव्ह लीबमन, रॉन कार्टर असे माइल्स यांचे जुने सहकारी आहेत. १९७२ मध्ये तबला आणि सतार हे रंग होते. येथे ताल, तिहाई आणि रागांग रचनेच्या गाभ्यात शिरतात. अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले आणि २००८ मध्येच न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याची मैफल झाली.

सॅक्सोफोनवादक लीबमन मूळ अल्बमवरही वाजले होते. त्यांचा ‘ऑन द कॉर्नर लाइव्ह!’ हा नॅशव्हिलमधील मैफलीचा अल्बम २०१९ मध्ये निघाला. सोबत सॅक्सोफोनवादक जेफ कॉफिन, बासवादक व्हिक्टर वूटन आणि ड्रमवादक चेस्टर थॉम्पसन होते. या संचात तबला व सतार नाहीत. त्यामुळे फंकचा ठेका स्वच्छ आणि ठसठशीत ऐकू येतो, पण मूळ अल्बममधली तालांची दाटी विरळ होते. वादकांचा परस्परसंवाद ऐकायचा असेल तर लीबमन यांची मैफल उजवी ठरते. तबल्याने या संगीतात काय साधले ते मात्र १९७२ ची फिलहार्मोनिक हॉलची मैफल आणि ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ यांतून अधिक स्पष्टपणे उमगते.