अँगल ग्राइंडर

अँगल ग्राइंडर हे धातू, दगड, फरशी, काँक्रीट यांसारखे कठीण पदार्थ कापण्यासाठी, घासण्यासाठी आणि त्यांचे पृष्ठभाग साफ करण्यासाठी वापरले जाणारे, हातात धरून चालवायचे यांत्रिक हत्यार आहे. यातील मोटरचा आस आणि चकतीचा आस एकमेकांशी काटकोन करतात, त्यावरून यास हे नाव मिळाले. महाराष्ट्रातील फॅब्रिकेशनच्या दुकानांत व बांधकामांवर यास नुसते ‘ग्राइंडर’ किंवा ‘कटर’ म्हणतात. स्वस्त, हलके आणि अनेक कामांना चालणारे असल्याने ते जवळपास प्रत्येक कार्यशाळेत आढळते. हातात धरण्याच्या विद्युत हत्यारांपैकी ते अत्यंत धोकादायक मानले जाते.

इतिहास

आकरमान आणि श्मिट या जर्मन कंपनीने १९५४ साली वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. ही कंपनी पुढे ‘फ्लेक्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. जर्मन भाषेत हे नाव हत्याराचे सामान्यनाम झाले आणि त्यावरून ‘ग्राइंडरने कापणे’ या अर्थाचे क्रियापदही रूढ झाले. मराठीत कारागिरांच्या बोलीत ‘ग्राइंडर मारणे’ असा प्रयोग आढळतो.

रचना आणि वेग

मोटरची गती बेव्हल गिअरच्या जोडीमार्फत चकतीकडे जाते. चकती दोन फ्लँजांमध्ये नटाने आवळलेली असते. तिच्या सुमारे अर्ध्या परिघावर धातूचे संरक्षक कवच म्हणजे गार्ड असतो, आणि दुसऱ्या हाताने धरण्यासाठी बाजूला मूठ जोडता येते. चकतीच्या व्यासावरून यंत्राचे आकार ठरतात. १००, ११५, १२५, १८० आणि २३० मिमी हे आकार सर्वत्र मिळतात. भारतात १०० मिमीचा, म्हणजे ४ इंची ग्राइंडर विशेष प्रचलित आहे.

धोक्याचे मूळ वेगात आहे. १०० मिमीची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किमीहून अधिक वेगाने फिरत असते. धातू कापण्याच्या जाळीयुक्त चकत्या साधारणपणे सेकंदाला ८० मीटर या कमाल वेगासाठी बनवलेल्या असतात. म्हणूनच मोठ्या चकतीचे अनुज्ञेय फेरे कमी असतात: २३० मिमीच्या चकतीसाठी ते मिनिटाला सुमारे ६,६०० इतकेच आहेत.

चकतीची निवड

प्रत्येक चकतीवर तिचे कमाल फेरे छापलेले असतात. ते यंत्राच्या फेऱ्यांइतके किंवा त्याहून अधिक असलेच पाहिजेत. ११५ ते २३० मिमी या सर्व चकत्यांचे भोक सर्वसाधारणपणे २२.२३ मिमी असते, त्यामुळे गार्ड काढला की मोठी चकती लहान यंत्रावर सहज बसते. बसते म्हणून ती चालते असे मात्र नाही. २३० मिमीची चकती ११,००० फेऱ्यांवर फिरवल्यास तिच्या कडेचा वेग सेकंदाला १३० मीटरच्या पुढे जातो. अपकेंद्री ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक होतो. मोठ्या यंत्रावरची झिजून १५० मिमी उरलेली चकती वाया जाऊ नये म्हणून लहान यंत्रावर लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तीही ८० मीटरची मर्यादा ओलांडते.

कापण्याची चकती १ ते ३ मिमी जाडीची असते आणि ती केवळ कडेने काम करण्यासाठी असते. तिच्या सपाट बाजूने घासल्यास ती वाकून फुटते. घासण्यासाठी सुमारे ६ मिमी जाडीची वेगळी चकती मिळते. रेझिनने बांधलेल्या चकत्या ओलाव्याने व काळाने दुर्बळ होतात. युरोपीय मानकानुसार त्यांची मुदत उत्पादनापासून ३ वर्षे असते आणि ती मध्यभागी असलेल्या धातूच्या कड्यावर उमटवलेली असते. खाली पडलेली चकती तडा दिसत नसला तरी वापरू नये. टिचकी मारून नाद ऐकण्याची जुनी परीक्षा बाकावरील ग्राइंडरच्या जाड दगडांसाठी आहे. या पातळ चकत्यांचा नाद मुळातच बद्द असल्याने येथे ती निरुपयोगी ठरते. नवी चकती लावल्यावर यंत्र अंगापासून दूर धरून सुमारे एक मिनिट रिकामे फिरवावे. सदोष चकती बहुधा याच वेळी फुटते.

लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरवर लावणे हा सर्वांत घातक प्रकार होय. अशी पाती बाजारात उघडपणे मिळतात. दाता लाकडाच्या गाठीत अडकला की यंत्र हातातून उसळते, आणि करवतीला असते तसे आपोआप मिटणारे कवच ग्राइंडरला नसते.

उसळी

फिरती चकती अचानक अडकल्यास तिची ऊर्जा यंत्राला उलट दिशेने फेकते. यास उसळी म्हणतात. मान, चेहरा व मांडी येथील खोल जखमा मुख्यतः यामुळे होतात. दोन्ही टोकांना आधार दिलेला लोखंडी गज मधोमध कापू लागल्यास तो स्वतःच्या वजनाने खाली वाकतो, वरची चीर मिटते आणि चकती तीत चिमटते. म्हणून कापून पडणारे टोक अधांतरी ठेवावे आणि उरणारा भाग शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये आवळावा. लहान तुकडा पायाखाली दाबून कापण्याची सवय भारतीय कार्यशाळांत सर्रास दिसते. त्यात उसळीच्या मार्गात थेट पायच येतो.

यंत्र दोन्ही हातांनी धरावे, बाजूची मूठ काढून ठेवू नये आणि शरीर चकतीच्या पातळीत ठेवू नये. अर्धवट कापलेल्या चिरेत चकती ठेवून यंत्र सुरू करू नये. चकतीने पूर्ण वेग घेतल्यावरच ती चिरेत न्यावी. कोपऱ्यात पोचता यावे म्हणून गार्ड काढला जातो. वास्तविक तो फिरवून बसवता येतो.

खटका आणि वीज

काही यंत्रांचा खटका दाबून धरावा लागतो व हात सुटताच यंत्र बंद पडते. स्वस्त यंत्रांत मात्र पुढे सरकवून अडकवायचा खटका असतो. तो चालू स्थितीत राहिला असताना वीज गेली आणि कारागीर यंत्र खाली ठेवून निघून गेला, तर वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होते. भारनियमन असलेल्या गावांत ही शक्यता नित्याची आहे. वीज जाताच खटका मागे घेऊन प्लग काढणे हा यावर साधा उपाय आहे. चकती बदलतानाही प्लग काढलेला असावा. खटका बंद केल्यावर चकती काही सेकंद फिरत राहते, म्हणून ती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये.

बहुतेक ग्राइंडरांना दुहेरी निरोधन असते. चौकोनात चौकोन हे त्याचे चिन्ह असून अशा यंत्राला अर्थिंगची तार नसते. परंतु तापलेल्या कडेने वायर कापली गेल्यास किंवा यंत्रात पाणी शिरल्यास हे निरोधन वाचवू शकत नाही. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी अशा वेळी उपयोगी पडतो.

डोळे, फुप्फुसे आणि कान

ठिणगी म्हणजे हवेत जळणारा पोलादाचा कण असतो. तो डोळ्याच्या पारदर्शक पटलात रुतल्यास काही तासांतच भोवती गंजाचे कडे तयार होऊ लागते. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने सहकाऱ्याकडून कण काढून घेण्याची कार्यशाळांतील रीत पटलाला अधिक इजा करते. हे काम नेत्रतज्ज्ञाचे आहे. वेगाने आलेला कण डोळ्याच्या आत शिरल्यास सुरुवातीला वेदना फारशी जाणवत नाही, पण आत राहिलेले लोह कालांतराने दृष्टी घालवू शकते. नेहमीचा चष्मा बाजूंनी उघडा असल्याने अपुरा पडतो. बंद गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची ढाल ही योग्य जोडी होय.

ग्रॅनाइट, काँक्रीट व कृत्रिम क्वार्ट्‌झ फरशी कापताना सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. अमेरिकेने २०१६ साली कामाच्या जागी या धुळीची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्‌झ फरशीच्या वापरावर बंदी घातली. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मुखवटा आणि धूळ शोषणारे यंत्र लागते. पाण्याने धूळ बसते, पण साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणे विजेच्या धक्क्याला निमंत्रण देणारे आहे. ओल्या कापणीसाठी वेगळी यंत्रे असतात.

पोलाद घासताना आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कानात बोळे न घालता वर्षानुवर्षे काम केल्यास कायमचा बहिरेपणा येतो, तर दीर्घकाळच्या कंपनांमुळे बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार जडतो. सैल बाह्या, मफलर, ओढणी आणि मोकळे केस चकतीत ओढले जातात. हातमोजे घट्ट बसणारे व चामड्याचे असावेत. सुती विणलेल्या मोज्यांचे धागे अडकतात.

आग

ठिणग्या कित्येक मीटर दूर उडतात. अशा कामासाठी अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानक सुमारे ११ मीटरच्या परिसरातून ज्वलनशील वस्तू हलवण्यास आणि काम संपल्यावरही एक तास पहारा ठेवण्यास सांगते, कारण भुशात किंवा कापडाच्या चिंध्यांत पडलेली ठिणगी धुमसत राहून उशिरा पेट घेते. तेलाचे किंवा रसायनाचे रिकामे पिंप ग्राइंडरने कापणे विशेष घातक असते. द्रव संपला तरी आत राहिलेली वाफ स्फोट घडवते.

भारतातील कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ मध्ये कण उडणाऱ्या कामांसाठी डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद करण्यात आली. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग म्हणून समाविष्ट होता. मात्र मूळ अधिनियम वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असतील तरच लागू होत असे. ग्रिल, शटर आणि दरवाजे बनवणारी दोन-चार माणसांची दुकाने, जेथे ग्राइंडर दिवसभर चालतो, ती त्यामुळे त्याच्या कक्षेबाहेर राहिली.