एकाच सोन्याची दोन तापमानं

धातू तापवला की त्याचं तापमान किती, असं आपण सहज विचारतो. उत्तर एकच असणार हे गृहीतच असतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गृहीताला तडा गेला. त्याची कथा आज आपण बघणार आहोत, आणि ती घडते मिठाईवरच्या वर्खाइतक्या पातळ पापुद्र्यांमध्ये.

पातळ सोन्याशी प्रकाश वेगळा वागतो, हे मायकेल फॅरडेने १८५७ सालीच दाखवलं होतं. सोन्याचं पान डोळ्यासमोर धरलं तर आरपार येणारा प्रकाश हिरवट दिसतो. पण त्या वेळी इलेक्ट्रॉनच माहीत नव्हता, त्यामुळे गोष्ट तिथेच थांबली.

पुढचं पाऊल कागदावर पडलं. १९५६ साली कागानोव्ह, लिफ्शित्झ आणि तानातारोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की धातूतले इलेक्ट्रॉन आणि अणूंची जाळी यांची तापमानं वेगळी असतील, तर एकाकडून दुसरीकडे ऊर्जा किती वेगाने जाईल. इलेक्ट्रॉनांची उष्णता साठवायची क्षमता फारच थोडी. म्हणून थोडी ऊर्जा मिळाली तरी ते हजार-दोन हजार अंशांनी तापतात, आणि जाळी मात्र जवळजवळ थंडच. १९७४ साली अनिसिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी हेच गणित लेझरच्या अतिलघु स्पंदांना लावलं. भाकीत तयार होतं, पण ते तपासायला घड्याळच नव्हतं, बरं का!

घड्याळ आलं ते लेझरमधूनच. १९८१ साली बेल लॅब्समध्ये फोर्क, ग्रीन आणि शँक यांनी १०० फेम्टोसेकंदांहून लहान स्पंद काढले. एक फेम्टोसेकंद म्हणजे काय? तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रोमीटर जातो. मग मोजायचं कसं? युक्ती साधी आहे. स्पंदाचे दोन भाग करायचे. पहिला धातूला तापवतो, दुसरा मागून येऊन परावर्तन किती बदललं ते बघतो. दुसऱ्याच्या वाटेवरचा आरसा एक मायक्रोमीटर मागे सरकवला की जाण्यायेण्याचं अंतर दोन मायक्रोमीटरने वाढतं, म्हणजे सुमारे ६.७ फेम्टोसेकंदांचा उशीर. काळ मोजायचा तो आरसा सरकवून! आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

इथेच 'अरेषीय' हा शब्द येतो. नेहमीच्या व्यवहारात प्रकाश कितीही टाका, सोनं त्याचा ठरावीक हिस्साच परत पाठवतं. इथे मात्र पहिल्या स्पंदामुळे तो हिस्साच बदलतो. इलेक्ट्रॉनांच्या ज्या उड्यांमुळे सोनं पिवळं दिसतं, त्याच उड्यांवर तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा परिणाम होतो. त्यामुळे सोन्याचा रंगच इलेक्ट्रॉनांचा तापमापक होऊन बसतो.

१९८३ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत इस्ली यांना तांब्यात जाळीपेक्षा जास्त तापलेल्या इलेक्ट्रॉनांची खूण दिसली. १९८७ साली शोनलाइन, लिन, फुजिमोटो आणि इस्ली यांनी सोन्यात हे स्वच्छ मोजलं: इलेक्ट्रॉन दोन-तीन पिकोसेकंदांत निवतात.

पण एक शंका उरतेच. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन निवले, ते उष्णता जाळीला देऊन, की नुसते धातूच्या पोटात पळून जाऊन? जाड तुकड्यात हे ओळखणं अवघड. म्हणून तर पातळ थर हवा. त्याच वर्षी एमआयटीत ब्रॉरसन, फुजिमोटो आणि इपन यांनी ५० ते ३०० नॅनोमीटर जाडीचे सोन्याचे थर घेतले. तापवलं पुढून, बघितलं मागून. नेहमीच्या उष्णतावहनाने १०० नॅनोमीटर ओलांडायला पन्नासेक पिकोसेकंद लागावेत. इथे उष्णता सेकंदाला सुमारे दहा लाख मीटर वेगाने पोहोचली, म्हणजे त्या अंतराला अंदाजे १०० फेम्टोसेकंद. हा तर सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा वेग! जाळीला पत्ताही नव्हता.

म्हणजे दोन तापमानांचं गणित जिंकलं? तसंही नाही. १९९२ साली फॅन, स्टोर्झ, टॉम आणि बोकोर यांनी सोन्याच्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांच्या ऊर्जा थेट मोजल्या. सुरुवातीच्या काही शे फेम्टोसेकंदांत इलेक्ट्रॉनांची आपापसातली वाटणीच झालेली नव्हती. काही फार तापलेले, बाकीचे होते तसेच. अशा वेळी त्यांना एक तापमान देणं म्हणजे नुसती सोय. दोन तापमानांचं समीकरण तरीही आज वापरतात, पण पहिला क्षण उलटून गेल्यावरच ते नीट लागू पडतं.