माणसं गेली म्हणून बँड संपला?

स्लाय स्टोनच्या ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या अमेरिकन फंक बँडचा इतिहास सांगणारे बहुतेक जण 1971 पाशी येऊन थांबतात. त्या वर्षी ड्रमर ग्रेग एरिको बाहेर पडला, पुढच्या वर्षी बासवादक लॅरी ग्रॅहम. मग 1973 चा ‘फ्रेश’ हा अल्बम म्हणजे मोडलेल्या घरातलं उरलंसुरलं सामान, असा पूर्वपक्ष. तो अगदीच पोकळ नाही. अंगठ्याने तार ठोकून बास वाजवायची ग्रॅहमची रीत पुढे फंकची ओळखच झाली. असा माणूस जाणं ही हानीच.

पण ज्या ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ (1971) या अल्बमला हीच मंडळी डोक्यावर घेतात, तो तरी बँडने एकत्र बसून कुठे वाजवला होता? स्लायने त्यातलं बरंचसं एकट्याने, थरावर थर चढवत रेकॉर्ड केलं. त्यातल्या ‘फॅमिली अफेअर’मध्ये ताल धरतं ते ऱ्हिदम मशीन, कीबोर्डवर बिली प्रेस्टन, गिटारवर बॉबी वोमॅक, दोघेही बाहेरचे. (गाण्याचं नाव तेवढं घरगुती!) घर फुटलं की संगीत बिघडतं, हा नियम असेल तर तो आधी ‘रायट’ला लावा.

‘फ्रेश’वरचे नवे दोघे, अँडी न्यूमार्क आणि रस्टी ॲलन, म्हणजे ठिगळं नव्हेत. ‘इन टाइम’ ऐका. तबल्याच्या एकलवादनात लेहरा चालावा तसं मशीन संथ चालू असतं आणि न्यूमार्क त्याच्या फटींतून वाजवतो. ठोका पडणार असं वाटतं, नेमका तिथेच हात आखडतो. एरिकोची दणकट धडक इथे अडचणच झाली असती. ‘इफ यू वाँट मी टू स्टे’ तर ॲलनचा बासच ओढून नेतो. बाकीची वाद्यं त्याच्या मागे. हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 12 व्या क्रमांकापर्यंत गेलं.

शिवाय बँडच्या गाजलेल्या सातांपैकी स्लाय, त्याची भावंडं फ्रेडी आणि रोझ, सिंथिया रॉबिन्सन आणि जेरी मार्टिनी हे पाच होतेच. डॉरिस डेमुळे गाजलेलं ‘के सेरा सेरा’ रोझने इथे चर्चमधल्या गाण्याच्या ढंगात, सावकाश गायलंय.

1975 मध्ये बँड मोडला, हे खरं. पण स्लायची नशा आणि कार्यक्रमाला ऐनवेळी दांडी मारणं हे दोन्ही ग्रॅहम असतानाच सुरू झालं होतं. बँड मोडल्याचं खापर नव्या वादकांच्या माथी फोडणं सरळसरळ अन्याय आहे.