व्याघ्रगणना

व्याघ्रगणना : वनक्षेत्रातील वाघांची संख्या ठरविण्याच्या पद्धती. भारतातील पहिली देशव्यापी गणना १९७२ मध्ये झाली. तीत १,८२७ वाघ नोंदले गेले; पुढल्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

ठसे पद्धत : ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये रूढ केली. वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रातील धुळीच्या वाटा व नाल्यांचे काठ धुंडाळत, मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर गिरवून घेत व प्लास्टरमध्ये साचा उतरवीत. ठशावरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, हे तिचे गृहीतक. परंतु माती व चाल बदलली की त्याच वाघाचा ठसाही बदलतो. शिवाय न आढळलेल्या वाघांचा हिशेब तीत नव्हता. गणनेत वाघ दाखवले जात असूनही राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले आणि पद्धत मागे पडली. तिच्यामुळे वनरक्षक जंगल पायी पिंजून काढीत, हे मोल मात्र मान्य करावे लागते.

कॅमेरा सापळे : प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नक्षी निराळी असते, डावी व उजवी कूसही सारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात नागरहोळे येथे ही पद्धत वापरली. समजा, पहिल्या खेपेस २० वाघ टिपले गेले, दुसऱ्या खेपेस २४ आणि त्यांतले १६ आधीचेच; तर एकूण संख्या २० × २४ ÷ १६ = ३०. कॅमेऱ्यासमोर कधीच न आलेले वाघ असे हिशेबात येतात. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांची स्थाने व वाघांचे फिरणेही प्रतिमानात धरतात.

२००६ पासून दर चार वर्षांनी देशभर आधी पायी पाहणी, मग निवडक क्षेत्रांत कॅमेरे अशी रीत आहे. कॅमेरे नसलेल्या जंगलांपर्यंत अंदाज कसा वाढवावा, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. २०२२ चा अंदाज ३,१६७ ते ३,९२५, सरासरी ३,६८२. बातम्यांत बहुधा एकच आकडा येतो. वाढ खरी की नाही हे ताडताना हा पल्लाच पाहावा लागतो. महाराष्ट्राचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता, २०२२ मध्ये ४४४.

पाणवठा प्रगणना : महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून केली जाते. तीत एकच प्राणी पुनःपुन्हा मोजला जाऊ शकतो.

विष्ठेतील डीएनए : कॅमेरे लावणे अवघड असते तेथे उपयुक्त.