बारीची वाट : साल्हेरच्या माथ्यावरून दिसणारे बागलाण

आजचा विषय बागलाणातले किल्ले असा जाहीर झाला आहे, आणि आपण किल्ल्यांवर जाणारच आहोत. पण सुरुवातीलाच एक कबुली देतो. आम्ही काही मित्र गेली बरीच वर्षे या भागात फिरतो. पहिली पाच-सहा वर्षे आम्ही किल्ले मोजत होतो. साल्हेर झाला, सालोटा झाला, मुल्हेर, मोरागड, हरगड झाले, न्हावी झाला. वहीत खुणा केल्या. एवढे चढून-उतरून या मुलखाचा इतिहास आमच्या हाती फारसा लागला नव्हता, हे कळायला वेळ लागला.

ते कळले एका साध्या प्रश्नामुळे. वाघांबे हे साल्हेरच्या पायथ्याचे गाव. तिथल्या एका म्हाताऱ्या कोकणी बाबांबरोबर आम्ही साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत बसलो होतो. (इथे कोकणी म्हणजे कोकणा ही आदिवासी जमात, कोकणातली माणसे नव्हेत.) बाबांनी विचारले, तुम्ही वर जाता आणि परत इकडंच का उतरता? आम्ही म्हटले, गाडी इकडे लावली आहे. ते हसले. त्यांच्या लहानपणी माणसे खिंडीत चढायची ती पलीकडे जायला. सोयरिकीला, बाजाराला, कामाला. माथ्यावर जायचे ते देवासाठी, वर्षातून एखाद्या वेळी.

आज मला जे सांगायचे आहे ते या उत्तरातच आहे. बागलाण हा सीमेवरचा मुलूख. त्याचा इतिहास शिखरांवर कमी आणि खिंडींमध्ये जास्त घडला. शिखरे होती ती खिंडींवर नजर ठेवायला.

आता जरा भूगोल बघू, म्हणजे पुढचे सोपे जाईल. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला सह्याद्री संपत येतो आणि तिथून पूर्वेकडे डोंगररांगा फुटतात. बागलाणात अशा दोन रांगा महत्त्वाच्या. उत्तरेच्या रांगेत मांगी-तुंगी, न्हावी आणि तांबोळ्या. दक्षिणेच्या रांगेत साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरागड, हरगड. पश्चिमेला उतार संपतो तिथे गुजरातचा डांग सुरू होतो. साल्हेरची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला, आणि शिखर म्हणून कळसूबाईच्या खालोखाल दुसरा.

या दोन रांगांची नावे काय आहेत? सेलबारी आणि डोलबारी. बारी म्हणजे खिंड, घाटवाट. एवढी उंच शिखरे असूनही इथल्या लोकांनी रांगांना नावे दिली ती खिंडींची. मोसम नदीवरच्या धरणाचे नाव हरणबारी. दक्षिणेला शिवाजी महाराजांची १६७० सालची प्रसिद्ध लढाई झाली ती कांचनबारीला. आम्ही वर्षानुवर्षे ही नावे उच्चारत होतो आणि त्यातला 'बारी' आमच्या कानावरून जात होता. मुलखाने स्वतःचा इतिहास नावात लिहून ठेवला होता, बरं का, फक्त आमचे डोळे माथ्याकडे होते.

बारीला एवढे महत्त्व का? कारण सुरत. मध्ययुगात आणि मोगल काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. तिथला माल बुऱ्हाणपूरला, दौलताबादला, पुढे गोवळकोंड्यापर्यंत जायचा. वाट नवापूरच्या बाजूने डोंगर ओलांडून वर यायची. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए या वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाचे त्याने तोंडभरून कौतुक केले. तो तांदूळ शिजला की कस्तुरीसारखा वास येतो, असे तो सांगतो. म्हणजे या वाटेवर व्यापारी होते, बैलांचे तांडे होते, मुक्काम होते, जकात होती. ज्याच्या हातात बाऱ्या, त्याच्या हातात या सगळ्याची किल्ली.

ही किल्ली कित्येक शतके बागुल राजांकडे होती. त्यांची राजधानी मुल्हेर, म्हणजे मयूरगिरी. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. नारायणशहा या बागुल राजाच्या दरबारात रुद्रकवी नावाचा पंडित होता. त्याने शके १५१८ मध्ये, म्हणजे १५९६ साली, राष्ट्रौढवंश महाकाव्य हे संस्कृत काव्य लिहिले. त्यात या घराण्याची परंपरा येते. काव्य आहे, त्यामुळे स्तुती भरपूर. पण डोंगरातल्या एका छोट्या राज्याला आपला वंश महाकाव्यात लिहून घ्यावासा वाटला, त्यासाठी पंडित पोसता आला, हीच एक ऐतिहासिक माहिती आहे. ते पैसे कुठून आले? बऱ्याच अंशी या वाटांमधून. आणि जमिनीतूनही. अकबराच्या दरबारातला अबुल फजल बागलाणातल्या फळांची तारीफ करतो, त्यात द्राक्षे आणि डाळिंबे आहेत. आज सटाण्याच्या बाजाराला जाऊन बघा, चारशे वर्षांत यादी फारशी बदललेली नाही.

आणखी एक गंमत. हे काव्य छापले गेले १९१७ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये. बागलाणच्या राजांचे काव्य गुजरातेतल्या मराठी संस्थानाने जपले. सीमेवरच्या इतिहासाचे असेच असते, एका बाजूचे कागद दुसऱ्या बाजूला सापडतात.

बागुलांचे राज्य टिकले ते कोणाशी कधी जुळवून घ्यायचे हे त्यांना कळत होते म्हणून. गुजरातच्या सुलतानांशी त्यांनी जमवले, पुढे मोगलांशीही. पण १६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने फौज पाठवून मुल्हेर घेतला. भैरमशहाला मनसब आणि सुलतानपूरचा परगणा मिळाला, बागलाणचे राज्य मात्र संपले. सुरतेचा रस्ता आता सलग मोगलांच्या हाती होता.

इथून पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती आता वाटेच्या अंगाने बघू. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. परत येताना ते बागलाणातूनच आले. कांचनबारीजवळ दाऊदखानाने गाठले, तिथे १७ ऑक्टोबरला लढाई झाली, मराठे जिंकून खजिना घेऊन निघाले. आणि लगेच, जानेवारी १६७१ मध्ये, मराठ्यांनी साल्हेर घेतला. हा क्रम लक्षात घ्या. आधी सुरत, मग बारी, मग बारीवरचा किल्ला. साल्हेर घेणे म्हणजे सुरतेच्या रस्त्यावर कायमचे ठाणे बसवणे.

मोगलांना हे नीट कळले होते, म्हणून त्यांनी साल्हेरला वेढा घातला. फेब्रुवारी १६७२ मध्ये तिथे मोठे रण झाले. सभासद बखरीत त्याचे वर्णन आहे. बखर नंतर, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली, आणि सभासद सांगतो तो दोन्ही बाजूंच्या दहा हजार मेलेल्यांचा आकडा आपण बखरीचा आकडा म्हणूनच घ्यायचा. पण एक तपशील फार मोलाचा आहे. प्रतापराव गुजर वरघाटाने आले आणि मोरोपंत पिंगळे कोकणाच्या बाजूने. वेढा घालून बसलेली फौज दोन वाटांच्या मध्ये सापडली. इखलासखान पकडला गेला. आपल्या बाजूने सूर्यराव काकडे पडले, जंबुऱ्याचा गोळा लागून.

साल्हेरची लढाई मोकळ्या मैदानात मोगलांना हरवल्याची लढाई म्हणून सांगितली जाते, ते बरोबरच आहे. आम्हीही पोरांना माथ्यावर बसवून तशीच सांगायचो. पण खिंडीत उभे राहून सांगितली की ती अधिक कळते. दोन सरदारांना वेगवेगळ्या वाटांनी आणून ठरल्या वेळी एकत्र करायचे, तर त्या वाटा माहीत असणारी माणसे लागतात. ती कोण होती? बखरीत त्यांची नावे नाहीत. कोणत्या बारीत पाणी आहे, कुठून घोडा चढतो, कुठून फक्त माणूस, हे तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. वाटाड्यांशिवाय ही मोहीम झाली असेल असे आम्हाला वाटत नाही.

पुढे १६८७ मध्ये मोगलांनी किल्लेदार फोडून साल्हेर परत मिळवला. १८१८ मध्ये मुल्हेर इंग्रजांकडे गेला. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला आणि बागलाण खानदेशातून त्यात आले. पलीकडे डांगात इंग्रजांनी १८४२ मध्ये भिल्ल राजांकडून जंगल कराराने घेतले. त्याच्या मोबदल्याची आठवण म्हणून आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि त्या राजांच्या वारसांना मानधन मिळते. डांगी बोली मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर बराच वाद झाला. १ मे १९६० ला डांग गुजरातमध्ये राहिला आणि साल्हेरच्या पश्चिमेला राज्याची सीमा पक्की झाली. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर दोन राज्यांत विभागलेले आहे, फलाटावर चार पावले टाकली की राज्य बदलते.

साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचे छोटे मंदिर आहे. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र हटवला अशी श्रद्धा आहे. तिथून स्वच्छ दिवशी सगळे दिसते. मांगी-तुंगीचे सुळके, मुल्हेर-मोरागड, दक्षिणेला सप्तशृंगीची रांग, पश्चिमेला डांगाचे जंगल. सीमा तेवढी दिसत नाही. पूर्वेला पडलेला पाऊस मोसमेतून गिरणेला, गिरणेतून तापीला आणि तापीबरोबर सुरतेला जातो. पश्चिमेला पडलेला डांगातल्या नद्यांनी त्याच किनाऱ्याला पोचतो. आणि मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव येतो तेव्हा दोन्ही राज्यांतले कोकणा आणि भिल्ल पावरीच्या सुरावर डोंगराला निघतात. त्यांचा देव डोंगर आहे, आणि तो कोणत्या राज्यात येतो याची चौकशी कुणी करत नाही.

हे सगळे आत्ता सांगण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात साल्हेर आहे. आपल्या सगळ्यांना आनंद झाला, आम्हीही पेढे वाटले. त्या नोंदीचे शीर्षक नीट वाचा. त्यात मराठा लष्करी भूप्रदेश असा शब्द आहे. भूप्रदेश म्हणजे तटबंदीच्या आतली जागा नव्हे. त्यात खिंड येते, टाके येते, पायवाट येते, ती वाट राखणारी वाडी येते. आता किल्ल्यावर लक्ष जाईल, दुरुस्ती होईल, पाट्या लागतील. चांगलेच आहे. पण पाटीवर १६७२ एवढेच लिहिले, तर बागुल गेले, तांडे गेले, वाटाडे गेले.

दरवाजा पडला तर दगड तरी खाली सापडतात. वाट मोडली की चार पावसाळ्यांत ती कुठे होती हेही सांगता येत नाही. ज्यांना ती माहीत आहे ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. वाघांब्याच्या त्या बाबांनी आम्हाला खिंडीपलीकडच्या उतारावरची सात ठिकाणांची नावे सांगितली होती. आम्ही त्या दिवशी चार लिहून घेतली, बाकीची पुढच्या वेळी म्हणून ठेवली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा बाबा नव्हते.

म्हणून एकच विनंती. या हिवाळ्यात तुम्ही साल्हेरला जाल, जरूर जा, माथ्यावरही जा. पण एक दिवस जास्त काढा आणि एखादी बारी ओलांडा. एका गावात चढायला लागा, दुसऱ्या गावात उतरा. सोबत गावातला माणूस घ्या, त्याच्या दिवसाचे पैसे द्या, आणि तो सांगेल ते प्रत्येक नाव तिथल्या तिथे लिहून घ्या, अगदी एखाद्या झाडाचे असले तरी. त्या नोंदीची एक प्रत गावातल्या शाळेत द्या. आम्ही आता किल्ले मोजायचे सोडले आहे. आमच्या वहीत सध्या नऊ बाऱ्या आहेत, आणि तीन जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

आता प्रश्न घेऊ.