राजाचा वाढदिवस ते सामाजिक न्याय दिन : २६ जूनचा ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना

राज्यकर्त्याच्या जन्मदिनाला सार्वजनिक उत्सवाचे रूप देण्याची प्रथा जगातील अनेक राजसत्तांत आढळते. या प्रथेतून राजा आणि प्रजा यांच्यातील नात्याचे स्वरूप व्यक्त होते. कोल्हापूरच्या संदर्भात राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्मदिन, म्हणजे २६ जून, या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो. हा दिवस प्रारंभी एका विद्यमान राजाचा वाढदिवस होता, पुढे तो जयंती झाला आणि २००६ पासून महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार तो ‘सामाजिक न्याय दिन’ म्हणून साजरा होतो. वाढदिवस, जयंती आणि दिन या तीन शब्दांमागे तीन भिन्न राजकीय संबंध आहेत. त्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राजजन्मोत्सव : सत्तेचे साधन

थायलंडचे उदाहरण या प्रथेचे स्वरूप स्पष्ट करते. तेथे २४ जून १९३२ रोजी झालेल्या क्रांतीने अनियंत्रित राजेशाही संपुष्टात आली आणि पुढे हाच दिवस राष्ट्रीय दिन ठरला. तथापि १९६० मध्ये लष्करी नेते सरित थनारत यांच्या शासनाने राष्ट्रीय दिन बदलून तो राजे भूमिबोल अदुल्यदेज यांच्या जन्मदिनी, ५ डिसेंबरला नेला. १९८० पासून हाच दिवस ‘पितृदिन’ही झाला. भूमिबोल यांचे २०१६ मध्ये निधन झाल्यावर २८ जुलै हा विद्यमान राजे वजिरालोंगकोर्न यांचा जन्मदिन सार्वजनिक सुट्टीचा दिवस बनला. लोकांनी सत्तेला मर्यादा घातल्याची स्मृती मागे पडून राजा हा राष्ट्राचा पिता ही भावना पुढे आली, हा या बदलाचा अर्थ होय. तेथे उत्सव कोणता व्हावा हे राज्यसंस्थेने ठरविले.

ब्रिटिश साम्राज्यातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. राणी व्हिक्टोरियाचा जन्मदिन २४ मे हा पुढे ‘साम्राज्य दिन’ म्हणून पाळला गेला. सम्राटाच्या वाढदिवशी पदव्यांची यादी प्रसिद्ध होत असे आणि हिंदी संस्थानिकांचे लक्ष तिच्याकडे लागलेले असे. संस्थानिकांचा दर्जा तोफांच्या सलामीवरून ठरे. कोल्हापूरला १९ तोफांची सलामी होती. सम्राटाकडून संस्थानिकाकडे आणि संस्थानिकाकडून प्रजेकडे अशी मान-सन्मानाची वरून खाली येणारी उतरंड या व्यवस्थेत होती.

१९०२ : दोन घटनांचा योग

सम्राट सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहण समारंभासाठी शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले. हा समारंभ २६ जून १९०२ रोजी योजला होता. योगायोगाने तोच महाराजांचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. सम्राटाच्या आजारपणामुळे समारंभ पुढे ढकलला गेला व ९ ऑगस्टला पार पडला. या दोन तारखांच्या मधल्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातील रिक्त होणाऱ्या ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये राजवैभवाच्या प्रदर्शनाची तयारी चालू असताना त्यात सहभागी होण्यास गेलेल्या संस्थानिकाच्या नावाने कोल्हापुरात मात्र अधिकाराचे वाटप करणारा हुकूम निघाला. राजपदाचा सोहळा आणि राजपदाचे कार्य यांतील अंतर या घटनेतून स्पष्ट होते.

माणगावचा ठराव

२१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. परिषदेस स्वतः उपस्थित राहून शाहू महाराजांनी बहिष्कृत समाजाला त्याचा खरा पुढारी लाभल्याचे सांगितले. याच परिषदेत महाराजांचा वाढदिवस सणाप्रमाणे साजरा करावा, असा ठराव संमत झाला.

या ठरावाचे वेगळेपण दोन बाबींत आहे. पहिली बाब म्हणजे उत्सवाचा निर्णय राजाने वा दरबाराने घेतलेला नव्हता. ज्यांना गावच्या सणांतही बरोबरीचे स्थान नव्हते, त्यांनी तो सभा भरवून घेतला. आपला सण आपण ठरविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. दुसरी बाब म्हणजे या कृतज्ञतेला निश्चित कारणे होती. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. १९१८ मध्ये महार वतने रद्द करून जमिनी धारकांच्या नावे करण्याचे पाऊल उचलले गेले. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे व सरकारी इमारती येथे अस्पृश्यता पाळू नये असे आदेश निघाले. जन्माने राजा झाला म्हणून नव्हे, तर हे हुकूम काढले म्हणून त्याचा वाढदिवस सण व्हावा, अशी ठरावामागील भूमिका दिसते.

या ठरावानंतर महाराजांच्या हयातीत २६ जून दोनदाच आला. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले आणि वाढदिवसाची जयंती झाली.

कृतज्ञता आणि भक्ती

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती ही अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेणारी वाट असल्याचा इशारा दिला. मग त्यांच्याच अध्यक्षतेखाली एका राजाचा वाढदिवस सण म्हणून साजरा करण्याचा ठराव कसा झाला? हा विरोधाभास मानावा काय?

त्याच भाषणात उत्तराचा धागा सापडतो. देशासाठी आयुष्य वेचलेल्या थोर पुरुषांविषयी कृतज्ञ असण्यात गैर नाही, परंतु कृतज्ञतेला मर्यादा असली पाहिजे, असे सांगताना त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला होता. स्वाभिमान गमावून कृतज्ञ राहता येत नाही, हा त्याचा आशय. माणगावचा ठराव या कसोटीवर उतरतो. तेथे जमलेल्या लोकांनी स्वाभिमान गहाण ठेवला नाही. उलट स्वतंत्र नेतृत्व आणि स्वतंत्र परिषद उभी करून समान हक्कांची मागणी करतानाच त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली. भक्ती व्यक्तीकडे पाहते, कृतज्ञता कृतीकडे पाहते. कृतीचे मोजमाप करता येते, म्हणून कृतज्ञतेत प्रश्न विचारण्याचा अधिकार शिल्लक राहतो.

थायलंडच्याच इतिहासात याला समांतर उदाहरण आहे. राजे चुलालोंगकोर्न यांची पुण्यतिथी, २३ ऑक्टोबर, तेथे आजही पाळली जाते. १९०५ च्या कायद्याने दास्यप्रथा संपविणारा राजा ही त्यांची ओळख त्या स्मरणात महत्त्वाची आहे.

लोकशाहीतील २६ जून

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजपद गेले, पण जन्मदिन टिकला. कसबा बावडा येथील लक्ष्मी विलास पॅलेस हे जन्मस्थळ आणि दसरा चौकातील पुतळा येथे दरवर्षी अभिवादन होते. ६ मे २०२२ रोजी स्मृतिशताब्दीनिमित्त कोल्हापूरकरांनी १०० सेकंद स्तब्ध राहून आदरांजली वाहिली. २०२४ मध्ये जन्माला १५० वर्षे झाली.

शासनाने या दिवसाला ‘सामाजिक न्याय दिन’ असे नाव दिल्याने व्यक्तीऐवजी मूल्य केंद्रस्थानी आले, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र त्यासोबत एक धोकाही संभवतो. माणगावात सण ठरविणारे लोक सभागृहात होते. आज ठरविणारे शासन आहे आणि लोक श्रोते आहेत. महाविद्यालयांत प्रतिमापूजन, व्याख्यान आणि अहवाल एवढ्यावर हा दिवस संपत असेल, तर उत्सवाची दिशा पुन्हा वरून खाली वळली असे म्हणावे लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, २६ जूनचे ऐतिहासिक महत्त्व राजाच्या जन्मापेक्षा प्रजेच्या निर्णयात अधिक आहे. वाढदिवसाला सण करणाऱ्या ठरावामागे हुकमांची एक यादी होती. सामाजिक न्याय दिनालाही तशीच यादी आवश्यक आहे : वर्षभरात राखीव जागा किती भरल्या, शिष्यवृत्ती वेळेवर किती जणांना मिळाली, वसतिगृहात किती विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारला गेला. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःपुरता हा हिशेब २६ जूनला मांडला, तर तो माणगावच्या ठरावाशी सुसंगत असा उत्सव ठरेल.